छातीवरचा डाग

तलमडुगु हे नाव गोव्यात उच्चारलं की समोरचा माणूस ते मला परत एकदा म्हणायला लावतो. मग मी सांगतो, तेलंगणात आदिलाबाद नावाचा जिल्हा आहे, त्यातलं हे गाव, आणि तालुक्यालाही हेच नाव. तालुक्याला तिकडे मंडल म्हणतात. उत्तरेला पैनगंगा आणि नदीपलीकडे आपलं यवतमाळ. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, १९५६ पासून आंध्र प्रदेश, २०१४ पासून तेलंगणा. १९५६ च्या भाषावार वाटणीत याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा आपल्याकडे आले, तलमडुगु तिकडे राहिलं. त्यामुळे माझ्या मित्राच्या घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि आसपासच्या पाड्यांवर गोंडी. पत्रादेवीच्या अलीकडे-पलीकडे वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हा मित्र पुण्यात शिकताना माझ्या खोलीवर होता. गेल्या पोळ्याला त्याच्याकडे गेलो. बैलांची मिरवणूक झाली, पुरणपोळी झाली आणि रात्री ओसरीवर बसलो तेव्हा त्याच्या मुलाने विषय काढला. मुलगा हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, त्याचं सगळं जमत आलं होतं. इंग्रजीची परीक्षा झाली होती, पदव्यांची पडताळणी झाली होती. राहिलं होतं फक्त मेडिकल.

“काका, तुम्ही जुनी कागदपत्रं वाचता म्हणून विचारतो. त्यात एक प्रश्न आहे. कधी टीबी झाला होता का?”

झाला होता. तो चौदा वर्षांचा असताना. सहा महिने औषध घेऊन खडखडीत बरा झाला, त्यानंतर कॉलेजात कबड्डी खेळला. पण एक्स-रे काढला की डाव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला एक पांढुरका डाग अजून दिसतो. जखम भरली की कातडीवर वण राहतो, तसाच तो आतला वण.

आजी आतून बोलल्या, “कशापायी सांगावं? बरं झालं ना लेकरू. सांगून ठेवलं तर पोरीवाले बी विचारतील.”

मित्र गप्प. मुलगा माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, “आजी, मला जरा विचार करू द्या.” खरं तर मला आजींचं म्हणणं मूर्खपणाचं वाटलंच नव्हतं. सरकारी डॉक्टरसमोर आजार लपवायचा ही आपल्या लोकांची दीडशे-दोनशे वर्षांची सवय आहे आणि ती उगाच लागलेली नाही. त्या रात्री मी त्यांना जे सांगितलं ते थोडं नीट करून इथे लिहितो आहे.

परदेशात कायमचं राहायला निघालेल्या मराठी माणसाची सरकारी दप्तरात नोंदवलेली वैद्यकीय तपासणी शोधायची तर मॉरिशसपर्यंत मागे जावं लागतं. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख हिंदी मजूर करारावर त्या बेटात उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि घाटावरचे लोक होते, त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात आणि गणपती बसवतात. पोर्ट लुईसला आप्रवासी घाट आहे, २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. बोटीतून उतरलं की सोळा दगडी पायऱ्या चढायच्या आणि मग डेपोत मुक्काम. तिथे डॉक्टर बघणार, कारकून नाव लिहिणार. वहीत बापाचं नाव, गाव, जात, उंची आणि अंगावरच्या खुणा. नंतर फोटोही काढू लागले. ती दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत आणि मॉरिशसची माणसं आज त्यांवरूनच आपलं मूळ गाव शोधतात. मालकाला ऊस तोडणारं अंग हवं होतं म्हणून केलेली नोंद आता नातवंडांच्या कुळवृत्तांताचं पहिलं पान झाली आहे. तिथल्या डॉक्टरचा प्रश्न सरळ होता, हा राबेल का? आजाराची भीती नव्हती असं नाही, बोटींवर पटकी आणि देवी यायच्याच. पण तपासणी मुख्यतः मजुराच्या किमतीची होती.

भीतीची तपासणी आली ती प्लेगबरोबर. आणि इथे गोव्याचा माणूस मध्यभागी उभा आहे.

मुंबईत धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या समोर, एक पुतळा आहे. आपल्या गावोगावच्या कूडांमध्ये उतरणारे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासमोरून गेले असतील. हे डॉ. आकासियो गाब्रियेल व्हिएगस. जन्म १८५६, हडफड्याचा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात माणसं तापाने आणि जांघेतल्या गाठींनी पटापट मरू लागली, तेव्हा हा गाठीचा प्लेग आहे असं त्यांनी निदान केलं आणि ते जाहीर बोलले. जाहीर बोलणं हा त्यातला कठीण भाग. प्लेग म्हटलं की बंदर बंद, व्यापार बंद, हे सगळ्यांना कळत होतं. व्हिएगस पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्या एका निदानामुळे.

निदान बरोबर होतं. त्यानंतर सरकारने जे केलं त्याची आठवण मात्र पुसलेली नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुढे कोविडच्या वेळी, २०२० साली, आपल्याला ज्या कायद्याची नव्याने ओळख झाली तोच. प्रवासी अडवून तपासायचे, घरात शिरून रोगी शोधायचे, सामान जाळायचं असे अधिकार अंमलदारांना मिळाले. मुंबईहून बाहेर पडणाऱ्या गाड्या कल्याणसारख्या स्टेशनांवर थांबवत, उतारूंना फलाटावर उभं करत, नाडी आणि ताप बघत, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपत. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी सगळ्यांसमोर. साहेब आणि पहिल्या वर्गाचे उतारू यांच्याशी वागणं वेगळं. बायकांच्या तपासणीवरून सगळीकडे आग पेटली. पुण्यात त्याचा शेवट काय झाला ते आपण शाळेत शिकलो आहोत, २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच्या तीनच महिने आधी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. रोग खरा होता, सेवा खरी होती आणि अपमानही खरा होता. एकच गोष्ट खरी धरून बाकीच्या खोट्या ठरवणारा इतिहास मला वाचवत नाही.

लोकांनी काय केलं? लपवलं. आजारी माणसाला माळ्यावर ठेवलं, रात्रीत गावाला पोचवलं, प्रेत गुपचूप पुरलं. यातून प्लेग आणखी पसरला, हे डॉक्टरांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण सांगितलं तर माणूस छावणीत आणि घरदार उघड्यावर, हा त्या लोकांचा हिशोबही चुकीचा नव्हता.

मद्रास इलाख्यात तर ‘प्लेग पासपोर्ट’ निघाले. साथीच्या मुलखातून आलात तर हा कागद घ्यायचा आणि पोचलेल्या गावी काही दिवस अंमलदाराला तोंड दाखवत राहायचं. हा पासपोर्ट लक्षात ठेवा, पुढे त्याचं नातवंड भेटणार आहे.

याच काळातली एक गोष्ट मला नेहमी छळते. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. एक्स-रेचा शोध लागायला अजून बारा वर्षं होती. त्यांच्या छातीत डोकावून कोणी पाहिलं नाही, पाहता आलंही नसतं. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात क्षयाने गेल्या, बावीस पुरी व्हायच्या आत. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली होती, ती तशीच राहिली. पंचवीस वर्षांनी त्याच आजारासह त्या त्याच बंदरात उतरल्या असत्या तर कायदा त्यांना परत पाठवू शकला असता, कारण १९०७ साली अमेरिकेने क्षयरोग्यांना दार बंद केलं. आपल्या पहिल्या स्त्री डॉक्टरची आगगाडी सुटण्याआधीच ती गाडीत चढली होती, असं मला कधी कधी वाटतं.

अमेरिकेचा तो दरवाजा म्हणजे एलिस आयलंड. १ जानेवारी १८९२ ला ते केंद्र उघडलं. तिथेही जिना होता. सामान घेऊन वर चढणाऱ्या माणसांकडे वरून डॉक्टर बघत राहायचे. कोण धापा टाकतो, कोण लंगडतो, कोण भांबावल्यासारखा बघतो. एका माणसाला काही सेकंद. शंका आली की कोटावर खडूने अक्षर काढायचं. डोळ्यांना एक, हृदयाला एक, पायाला एक, डोक्यात बिघाड वाटला तर आणखी एक. खुपरी बघायला पापणी उलटी करत, त्यासाठी कधी बुटांची बटणं अडकवायचा आकडा वापरत. काही चलाख माणसांनी कोट उलटा करून घातला आणि खडू आत दडवला, अशा कथा सांगतात. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना हा जिना चढावाच लागत नसे, त्यांचं बोटीवरच वरवर बघून होई. कल्याणचा फलाट आठवला ना?

हिंदी माणसं बहुधा दुसऱ्या किनाऱ्याने जात, सॅन फ्रान्सिस्कोच्या एंजल आयलंडमार्गे. ते केंद्र १९१० मध्ये उघडलं आणि त्याच साली आकडेकृमी हा परत पाठवण्याजोगा आजार ठरला. हा किडा अनवाणी माणसाच्या पायातून शिरतो. पंजाबच्या शेतात, कोकणातल्या भातखाचरात, आपल्या खाजनांत तेव्हा तो नसेल असा माणूस शोधून काढावा लागला असता. औषधाने तो जातोही. पण आशियातून माणसं नको होती आणि विष्ठेच्या तपासणीत सापडणारा किडा हे सोयीचं कारण होतं. कॅनडाने तर १९०८ साली किड्यावरही अवलंबून न राहता ‘मायदेशाहून थेट एका प्रवासात आलात तरच प्रवेश’ असा नियम केला. हिंदुस्थानातून तशी बोटच नव्हती.

एवढं ऐकून मित्राचा मुलगा म्हणाला, “म्हणजे ते आपल्याला काढायलाच बसलेत.” मी म्हटलं, थांब. याच्या उलटही एक गोष्ट आहे. तीही कॅनडाची, आणि ती आमच्या लोकांची आहे.

१९७२. युगांडात ४ ऑगस्टला इदी अमीनने जाहीर केलं की आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. त्यांत गोंयकारही होते. आगबोटीने मोंबासाला उतरून रेल्वेने आत गेलेल्या आणि सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, शाळांत, दुकानांत आयुष्य काढलेल्या माणसांची ही दुसरी-तिसरी पिढी. कंपाला आणि एंटेबेला त्यांचे क्लब होते, नाच होत, फेस्त होत. पीटर नाझारेथ या युगांडात वाढलेल्या गोमंतकीय लेखकाची कादंबरी त्याच वर्षी आली होती आणि आशियाई लोकांची हकालपट्टी तिने जणू आधीच पाहून ठेवली होती. कुणाकडे ब्रिटिश पासपोर्ट, कुणाकडे युगांडाचा, आणि युगांडाचं नागरिकत्व अमीनच्या कारकुनांनी रद्द ठरवलं की कुणाकडे काहीच नाही. पोर्तुगालचा म्हणून जन्मलेला, भारतात कधी न राहिलेला, इंग्रजांच्या वसाहतीत नोकरी केलेला माणूस. तू कुठला, या प्रश्नाला त्याने काय उत्तर द्यावं?

ट्रुडो सरकारने ऑगस्टअखेर निर्णय घेतला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी कंपालात कचेरी उघडली. कॅनडाचा तिथे वकिलातही नव्हता. अर्ज, मुलाखत आणि मेडिकल, सगळं त्याच शहरात आणि घाईने. तपासणीसाठी कॅनडाच्या सैन्यातले डॉक्टर आणि तंत्रज्ञ आले होते. एरवी आठवडेच्या आठवडे खाणारं हे काम. इथे बाहेर सैनिकांच्या चौक्या आणि डोक्यावर ८ नोव्हेंबरची तारीख. रांगेत उभ्या माणसाचं घर गेलेलं, दुकान गेलेलं, बँकेतले पैसे अडकलेले. बरोबर न्यायला उरलेलं होतं ते शरीर, आणि डॉक्टरला दाखवायचंही तेच होतं.

२७ सप्टेंबरला पहिलं विमान एंटेबेहून उडालं. मुदत संपेपर्यंत एकतीस विमानांतून सुमारे ४,४०० माणसं मॉन्ट्रियलला उतरली. बाकीचे आपापल्या वाटेने गेले. तिथल्या लाँग पॉइंटच्या लष्करी तळावर त्यांना जेवण आणि गरम कपडे मिळाले. त्यांतल्या कितीतरी गोमंतकीय कुटुंबांनी पुढे टोरांटोच्या आसपास घर केलं. मेडिकल तीच होती. फरक एवढाच की या वेळी ती घेणाऱ्या सरकारने माणसं आणायची असं आधी ठरवलं होतं.

याच वर्षातली आणखी एक तारीख मी मित्राला सांगितली, कारण ती त्याच्या घरातली होती. ३ ऑक्टोबर १९७२ ला, कंपालातल्या रांगा चालू असतानाच, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादचे मुल्की नियम ग्राह्य धरले. निजामाने १९१९ च्या फर्मानाने पक्के केलेले हे नियम म्हणजे त्या संस्थानाचा पीआरच. सरकारी नोकरी हवी तर मुल्की असलं पाहिजे. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षं राज्यात काढलेली असावीत आणि ‘मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडला आहे’ असं प्रतिज्ञापत्र द्यावं. त्या निकालावरून आंध्रात आंदोलन भडकलं आणि १९७३ साली नियमच गेले. मित्राच्या आजोबांचा उर्दूतला मुल्की दाखला त्याच्या घरी अजून आहे. माझ्या हाती तो दिला तेव्हा मला गंमत वाटली. निजामाने माणसाच्या छातीत काय आहे ते पाहिलं नाही, मनात काय आहे ते मात्र शपथेवर लिहून घेतलं.

तपासणी किती खाली उतरू शकते तेही सांगायला हवं, नाहीतर कंपालाची गोष्ट फारच गोड वाटेल. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी केली गेली. खरीच वाग्दत्त वधू आहे की आधीपासूनची बायको, हे ठरवायचं म्हणून. वर्तमानपत्रात आल्यावर गदारोळ झाला आणि ते बंद झालं. २०११ साली जुनी सरकारी कागदपत्रं बाहेर आली तेव्हा कळलं की ती एकटी नव्हती, अशा निदान ऐंशी तरी बायका होत्या आणि बहुतेकींची तपासणी भारतातच झाली होती. कुठल्याही साथीशी, कुठल्याही आजाराशी त्याचा संबंध नव्हता. डॉक्टरचा पांढरा कोट मात्र होता. आजी हे ऐकून काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या.

आता या मुलाच्या तपासणीचं. हल्लीचा प्रकार पुष्कळ सभ्य आहे. नेहमीचा डॉक्टर चालत नाही, कॅनडाने नेमलेल्या यादीतलाच लागतो. तलमडुगुहून त्यासाठी हैदराबाद गाठायचं, तीनशेहून जास्त किलोमीटर. पासपोर्ट दाखवायचा, फोटो काढायचा, मग उंची, वजन, रक्तदाब, डोळे. मोठ्या माणसाला छातीचा एक्स-रे, लघवी, आणि रक्तात उपदंश व एचआयव्ही. अहवाल संगणकावरून थेट जातो. डॉक्टर पास-नापास ठरवत नाही, ते तिकडचे अधिकारी ठरवतात. एचआयव्ही असला म्हणून किंवा टीबी होऊन गेला म्हणून कोणी आपोआप बाद होत नाही. चालू, पसरणारा टीबी असेल तर आधी उपचार पुरे करा म्हणतात. वण जुना असेल तर तीन दिवस सकाळी थुंकी घेतात, तिच्यात जंतू वाढतो का ते बघायला आठ आठवडे थांबतात, आणि मग परवाना देताना सांगतात की पोचल्यावर तिकडच्या आरोग्य खात्याला हजेरी द्या. हेच ते प्लेग पासपोर्टचं नातवंड. आजोबांपेक्षा पुष्कळ शहाणं आहे.

एक कलम मात्र मला अजून टोचतं. ज्याच्या आजारपणाचा सरकारी खर्च ठरावीक मर्यादेबाहेर जाईल त्याला नाकारता येतं. २०१८ साली ती मर्यादा तिप्पट केली, पती-पत्नी आणि मुलांना पुनर्मीलनाच्या अर्जात सूटही आहे, तरी कलम आहेच. मॉरिशसच्या डेपोतला डॉक्टर विचारत होता की हा किती राबेल. हे कलम विचारतं की हा किती खाईल.

तेव्हा सांगायचं की लपवायचं? मी स्पष्ट म्हटलं, सांग. एकतर डाग एक्स-रेत दिसणारच. तू ‘नाही’ लिहिलंस आणि फिल्मने ‘हो’ म्हटलं की आजार बाजूला राहील आणि खोटं बोलणं हाच गुन्हा होईल. तो खरंच मोठा आहे, त्यावर पाच वर्षं दार बंद होऊ शकतं. आणि दुसरं, तुझ्या आजी ज्या काळाला घाबरतात त्या काळात बरं झाल्याचा पुरावा नावाची गोष्टच नव्हती. तुझ्याकडे असेल.

असायला हवा होता. तो आजारी पडला तेव्हा सरकारी डॉट्सची औषधं चालू होती. रोग्याच्या नावाचा खोका यायचा, त्याचा सहा महिन्यांचा सगळा साठा त्यातच, आणि आठवड्यातून तीनदा कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या. रोज गोळ्या देण्याची पद्धत देशभर नंतर, २०१७ च्या सुमाराला आली. मुलाला आठवत होतं की लाल खोका होता आणि गोळ्या घेतल्यावर लघवी तांबडी व्हायची म्हणून तो घाबरला होता. कार्ड कुठे आहे ते कुणालाच आठवत नव्हतं. मित्राने कपाट उपसलं, शाळेचे दाखले निघाले, कापसाच्या पट्ट्या निघाल्या, कार्ड नाही.

सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा आजींनी एक पुडकं आणून मांडीवर टाकलं. जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं. आत जुनं रेशनकार्ड, कुणाच्या तरी बाळंतपणाचा कागद आणि ते कार्ड. एका कोपऱ्यातून वाळवीने खाल्लेलं, पण नाव, नंबर आणि औषध सुरू केल्याची तारीख वाचता येत होती. बरं झाल्याची नोंद मात्र नेमकी खाल्लेल्या कोपऱ्यात होती.

“तुम्हीच ठेवलं होतं?” मी विचारलं.

“मग कोण ठेवणार?” त्या म्हणाल्या. “फेकून कसं देता येतं?”

त्या नंबरावरून आदिलाबादला जुन्या नोंदवहीत नाव सापडलं. दोन चकरा झाल्या, एकदा वही ठेवणारा माणूस रजेवर, एकदा वीज गेलेली. पण उपचार पूर्ण केल्याचं पत्र मिळालं. मुलाने प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलं. एक्स-रेत डाग दिसला. अपेक्षेप्रमाणे त्याला परत बोलावलं आणि ओळीने तीन दिवस सकाळी तोंड धुण्याआधी, खोल खोकून, डबीत थुंकी द्यायला सांगितली. निरोगी माणसाला थुंकी काढणं किती कठीण असतं हे त्याला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन करून विचारलं, “काका, एलिस आयलंडवर थुंकी मागायचे का हो?” मी म्हटलं, खडूवरच भागायचं.

आज पाचवा आठवडा आहे. आणखी तीन आहेत. मित्राचा सकाळी फोन आला होता, कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत आणि भाव अजून पडलेलेच आहेत, त्यावरच बोलत होता. मागून आजी विचारत होत्या, गोव्याला पाऊस थांबला का.